लाल टिकलीची पुस्तकं

गेल्या नोव्हेंबरात तीन आठवडे पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पलंगाखाली, फ्रिजवर आणि गॅलरीत मुलांची पुस्तकं होती. एकूण ३१२, सगळी नवी कोरी. ऑफिसातल्या आम्ही सहा जणांनी पैसे काढले होते आणि ती मणिबेलीच्या जीवनशाळेत द्यायची ठरली होती. पुस्तकं निवडण्याचं काम इतरांनी केलं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्याकडे यादी आली. आणि यादी आली की मला तिच्यात एक कॉलम वाढवल्याशिवाय चैन पडत नाही.

कॉलमचं नाव ‘पातळी’.

कल्पना माझी नव्हती. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर एक ते चार पातळ्या छापलेल्याच असतात. पहिलीत सोपे, पुन्हापुन्हा येणारे शब्द, सगळे मिळून अडीचशेच्या आत. दुसरी सहाशे शब्दांपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्यापुढे. माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘वाचू आनंदे’चेही बाल गट आणि कुमार गट असे भाग आहेत. पण आमच्या ढिगातल्या निम्म्याहून अधिक पुस्तकांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक पुस्तकातली दोन पानं टाइप करायची, की तो शब्द मोजणार, वाक्यांची लांबी मोजणार आणि जोडाक्षरं मोजणार. देवनागरीत हे शेवटचं काम फार सोपं आहे, कारण संगणकाच्या लेखी प्रत्येक जोडाक्षरात एक हलन्त दडलेला असतो. हलन्त मोजले की झालं. लाल, पिवळी, हिरवी, निळी अशा चार रंगांच्या गोल टिकल्या आणल्या आणि दोन रविवार बसून त्या मुखपृष्ठांवर डाव्या कोपऱ्यात चिकटवल्या. लाल सगळ्यात सोपी.

पातळ्यांची मी थट्टा करत नाही, हे आधीच सांगतो. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं सांगितलं. पण चौथीतल्या मुलाला आठ ओळींची गोष्ट वाचता येत नसेल आणि कपाटात सगळी दोनशे पानांची चरित्रं असतील, तर ते कपाट बंदच राहतं. ‘असर’ची पाहणी २००५पासून हेच तपासते. मुलासमोर एक कागद धरतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठं थांबतं ते पाहतात. वय एक आणि वाचन दुसरं, हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की निरनिराळ्या वाचकांसाठी निरनिराळी पुस्तकं लागणारच. माझी चूक पातळ्या मानण्यात नव्हती. ती कुठं होती, ते मला तिथं गेल्यावर कळलं.

मणिबेली यादीत पहिली असते. अक्कलकुवा हा राज्यातला विधानसभेचा १ क्रमांकाचा मतदारसंघ आणि मणिबेली त्यातलं पहिलं मतदान केंद्र. निवडणूक आली की कर्मचारी बोटीतून निघाल्याचे फोटो पेपरात येतात. सरदार सरोवराच्या बुडितात आलेल्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांतही मणिबेलीच पहिली, कारण धरणाच्या भिंतीला सगळ्यात जवळची तीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच पाणी तिथं पोचलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ त्यात गेलं. १९९४ साली जागतिक बँकेच्या पन्नाशीला ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी, मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा असं निवेदन काढलं, त्यालाही ‘मणिबेली जाहीरनामा’ असं नाव आहे. मी जन्मलो तेव्हा हे गाव माझ्याच धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा झाला. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात सरदार सरोवर हे नाव लहानपणी मी ऐकलं असेल, पण तिथं कुणी राहतं हे काही डोक्यात शिरलं नव्हतं.

आम्ही डिसेंबरात गेलो. अक्कलकुव्याहून मोलगीपर्यंत जीप, पुढं सातपुडा उतरून काठ, आणि मग बोट. दोन्ही बाजूंना डोंगरांचे माथे पाण्यातून वर आलेले. खोके भिजू नयेत म्हणून आम्ही त्यांच्यावर जवळजवळ झोपलोच होतो. बोटवाला हसत होता. त्याच बोटीतून तेलाचे डबे, दोन शेळ्या आणि एक शिलाई मशीन चाललं होतं, आणि त्यांच्यावर कुणीही झोपलेलं नव्हतं.

जीवनशाळा आंदोलनानं उभ्या केलेल्या. सरकारी शाळा नुसत्या कागदावर होत्या, तेव्हा लोकांनी स्वतः सुरू केल्या. मुलं तिथंच राहतात, चौथीपर्यंत शिकतात. काही गुरुजी जीवनशाळेतच शिकून मोठे झालेले. मुलं घरी भिली बोलतात, आणि तीही सगळ्यांची एकसारखी नाही. मराठी शाळेत येते. हे मला माहीत होतं. माझ्या प्रोग्रामला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोके उघडले. मी एका परिच्छेदाच्या प्रती छापून नेल्या होत्या. मुलानं तो वाचायचा, मी ऐकायचं आणि कुठल्या रंगाचं पुस्तक घ्यायचं ते सांगायचं. पहिल्या पंधरा-वीस मुलांपर्यंत ठीक चाललं. मग एक मुलगा आला, चौथीतला, पण अंगानं थोराड, बाराएक वर्षांचा असेल. वाचताना तो पहिल्याच ओळीत अडकला. ‘तिसऱ्या मजल्यावर’ असं होतं. ‘तिसऱ्या’ त्यानं हळूहळू जुळवलं. ‘मजल्यावर’ला आला आणि म्हणाला, ‘मला वर’. मी थांबवलं. पुन्हा ‘मला वर’. मागं कुणीतरी हसलं. मी शक्य तितक्या मऊ आवाजात त्याला म्हटलं, ‘तू लाल टिकलीचं घे,’ आणि हत्तीचं चित्र असलेलं एक पातळ पुस्तक त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता खोक्यात परत ठेवलं आणि बाहेर जाऊन बसला. रंगांचा अर्थ काय, हे आम्ही मुलांना सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात तो सगळ्यांना कळला होता. त्यानंतर तिसरी-चौथीतल्या एकाही मुलानं लाल टिकलीला हात लावला नाही. दोन मुली निळ्या टिकलीची जाड पुस्तकं उघडून बसल्या होत्या. पानं उलटत नव्हत्या.

मला त्या मुलाचं वागणं समजायला हवं होतं. आमच्या घरात अहिराणी. पाचवीत तालुक्याच्या शाळेत गेलो तेव्हा वर्गात कच्च्या मुलांचा बाक वेगळा होता आणि दोन महिने मी त्यावर होतो. ‘माझा’च्या जागी तोंडातून ‘मन्हा’ गेलं की सगळा वर्ग हसायचा. गणितात मी बऱ्यापैकी होतो, पण गणितातली उदाहरणंही मराठीत वाचून दाखवावी लागत. इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षी इंग्रजीच्या बाबतीत तेच झालं, फक्त बाक नव्हता. इतकं सगळं होऊनही मी पुण्यातून टिकल्या घेऊन आलो. माणूस बाकावरून उठला की बाक विसरतो, असं दिसतं.

दुपारी त्या मुलाला शोधायला गेलो. तो शाळेमागं सरपण रचत होता. सरपणावर पावसासाठी जुना कापडी फलक टाकलेला, रंग उडालेला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘यावर काय लिहिलंय रे?’

त्यानं मानही नीट वळवली नाही. ‘सरदार सरोवर प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन,’ एका दमात. पुढचं कापड दुमडलेलं होतं.

प्रकल्पग्रस्त. ह्या एका शब्दात चार हलन्त आहेत. प्र, ल्प, ग्र, स्त. माझ्या प्रोग्रामनं ३१२ पुस्तकांतून याच्याइतका अवघड शब्द काढला नसता, आणि ‘मजला’ त्याच्या हिशेबानं सोप्यात सोपा, एकही जोडाक्षर नसलेला शब्द आहे.

माझ्यातला इंजिनीअर लगेच जागा झाला. पाठ असेल, फलक ओळखीचा असेल. मी काठीनं मातीत लिहिलं, ‘शिल्प’. जरा थांबून वाचलं. ‘प्रवास’, वाचलं. ‘गर्व’, वाचलं आणि विचारलं, म्हणजे काय? म्हणजे त्याला वाचता येत होतं. रफार, रकार, सगळं येत होतं. त्याला मजला येत नव्हता, कारण त्यानं मजला पाहिला नव्हता. जिना, गॅलरी, सोसायटी, वॉचमनकाका, शाळेची बस, यांतलं काहीच पाहिलेलं नव्हतं. तो ओळखीचा शब्द शोधत होता आणि ‘मजला’च्या सगळ्यात जवळचा ओळखीचा शब्द ‘मला’. मी मोजलं ते त्याचं वाचन नव्हतं. पुण्यातल्या एका इमारतीपासून तो किती दूर राहतो, तेवढंच मोजलं गेलं होतं.

ढीग मी नव्या नजरेनं चाळला. पुस्तकं वाईट नव्हती, काही तर फार सुंदर होती. पण सोप्या पुस्तकांतलं जग बहुतेक शहरातलं होतं. खेडं आलं तर बैलगाडी आणि विहीर असलेलं सपाट खेडं. बोटीनं शाळेत जाणारं मूल मला कुठं सापडलं नाही. नदीची पुस्तकं होती, पण वाढून परत न उतरणाऱ्या पाण्याचं एकही नव्हतं. मणिबेली हे नाव जगभरच्या कागदांवर छापलं गेलंय, मुलांच्या आमच्या ३१२ पुस्तकांत मात्र ते कुठंच नव्हतं.

संध्याकाळी मी गुरुजींना म्हटलं, ‘टिकल्या काढून टाकतो सगळ्या.’

गुरुजी म्हणाले, ‘काढू नका हो. मला लागतील. कुणाला काय द्यायचं ते मला कळायला पाहिजे ना? मागच्या पानावर, आत लावा.’

मग सौर दिव्याच्या उजेडात आम्ही ३१२ टिकल्या नखानं सोलून मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला लावत बसलो. बऱ्याच फाटल्या. मुखपृष्ठांवर चिकटाचे पांढरे डाग अजून असतील.

दुसरी गोष्ट गुरुजींनीच केली, मला न विचारता. सकाळी त्यांनी चौथीच्या मुलांना सांगितलं की पहिलीच्या पोरांना रोज झोपताना एक पुस्तक वाचून दाखवायचं, तर आपापली निवडून घ्या. थोराड मुलानं तीन पातळ पुस्तकं उचलली, त्यात ते हत्तीचं होतं. रात्री मी दारातून पाहिलं. त्यानं आधी मराठी ओळ वाचली, बोट ठेवून, अडखळत. मग तीच गोष्ट भिलीत सांगितली, आणि ती ओळीपेक्षा पाचपट लांब होती. पानावर चाळीस शब्दही नव्हते. हत्तीला त्यानं कुठून कुठं नेलं मला कळलं नाही, मध्ये बोट आली एवढं त्याच्या हातांवरून समजलं. पहिलीची पोरं लोळायची थांबली होती.

स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, कुणीही भाषांतर करून छापू शकतं. मोबाइलवर मी गुरुजींना ते दाखवलं. जीवनशाळांत सुरुवातीच्या काळातही बोलीतल्या गोष्टी गोळा झाल्या होत्या, त्यामुळे त्यांना यात काही नवल वाटलं नाही. छापणं वगैरे पुढचं पुढं, आपण आत्ताच करू, म्हणाले. कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि मुलींनी मराठी ओळींच्या खाली भिली ओळी लिहून डिंकानं चिकटवायला घेतल्या. दुसऱ्याच पानावर भांडण लागलं. ‘आई’खाली एकीनं ‘याहा’ लिहिलं. दुसऱ्या गावची एक म्हणाली, आमच्याकडे असं नाही म्हणत. तिनं पट्टी हातात धरून ठेवली, चिकटवू देईना. पुढच्या ओळीतला एक आवाज देवनागरीत कसा लिहायचा यावर गुरुजी आणि स्वयंपाकाच्या मावशी यांच्यातही एकमत होईना. एका पुस्तकाला अख्खी दुपार गेली. शेवटी ‘आई’खाली दोन पट्ट्या लागल्या. माझ्या प्रोग्रामला हे पुस्तक दिलं तर तो काय पातळी काढेल कुणास ठाऊक.

निघताना थोराड मुलगा बोटीपर्यंत खोके उचलायला आला होता. खोके रिकामे होते, उचलण्यासारखं काही नव्हतं. बोटवाल्यानं इंजिन चालू करायला दोरी ओढली, दोनदा बंद पडलं. तो मुलगा वाकून बघत होता. मला म्हणाला, ‘दादा, याचं पुस्तक आहे?’

‘बोटीचं?’

‘बोटीचं नाही. इंजिनाचं. आतलं.’

आणतो म्हणालो.

मार्चमध्ये गुरुजींचा निरोप आला, डिंक संपला, दोन बाटल्या पाठवा. सोबत नोंदवहीच्या पानाचे फोटो होते. हत्तीचं पुस्तक सात वेळा गेलंय, एकदा पाण्यात पडून वाळवलेलं आहे. डिंक मी लगेच पाठवला. इंजिनाचं पुस्तक अजून शोधतोय. इंग्रजीत भरपूर आहेत, कापलेल्या इंजिनाची रंगीत चित्रं असलेली. मराठीत आयटीआयची क्रमिक पुस्तकं मिळतात. बारा वर्षांच्या मुलानं हातात घ्यावं असं मराठी पुस्तक आप्पा बळवंत चौकात तीन दुकानांत विचारलं. एका दुकानदारानं विचारलं, ‘कितवीसाठी हवंय?’