ओळखीची उंची

कामशेत मागे टाकून काले कॉलनीच्या रस्त्याला लागलं, की भातखाचरांच्या पलीकडे तिकोना दिसू लागतो. तीनकोनी, शेजारच्या रांगांपासून सुटा. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या आसपास उंची. तिकोना पेठेतून निघालं तर रमतगमतही दीड तासात माथा. सह्याद्रीच्या मानानंही हा लहानच डोंगर. आणि तो लहान आहे, म्हणूनच माझा जीव त्याच्यात अडकला आहे.

पाऊस सरता सरता इथं यावं. उतार सोनकीनं पिवळे झालेले असतात, मधूनच तेरड्याचा गुलाबी पट्टा येतो. गवतातून वाट हलकेच वर सरकते. पायाखालचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून निवलेला लाव्हा. टणक थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून सपाट्या झाल्या. म्हणून सह्याद्रीतली चढण कधी एकसारखी नसते. ती दमवते, मग माचीवर आणून सोडते, म्हणते, घे श्वास.

माचीवर चपेटदान मारुती भेटतो, हात उगारलेला, पायाखाली पनवती. पुढं तुळजाईचं लेणं, त्याच्यापुढं पाण्याचं टाकं, आणि उघड्यावर पडलेला चुन्याचा घाणा. त्या दगडी चाकाशी मी नेहमी थांबतो. तट कुणाच्या काळात उभा राहिला ते इतिहास सांगतो. पण चुना कुणी मळला, टाकी खोदताना कुणाचे हात सोलवटले, त्यांची नावं कुठं नाहीत. त्यांचं काम मात्र अजून तट धरून आहे.

शेवटचा टप्पा उभ्या पायऱ्यांचा. एकेक पायरी गुडघ्याला भिडणारी. इथं बोलणं आपोआप थांबतं. तळवा कातळावर टेकला की उन्हातही त्याच्या भेगेतला गारवा हाताला लागतो. दरवाजातून आत गेलं, आणखी थोडं चढलं, की त्र्यंबकेश्वर महादेवाचं छोटं देऊळ आणि मग चारी बाजूंना मोकळा वारा.

समोर पवना धरणाचं पाणी पसरलेलं असतं, त्याच्या पलीकडे तुंगचा सुळका, उत्तरेला लोहगड आणि विसापूर. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तिकोन्यासह हे चौघेही होते. तहाच्या कागदावर ती चार नावं असतात. इथून पाहिलं की कळतं, महाराजांना पवन मावळाचं अख्खं दारच सोडावं लागलं होतं. आणि पाण्याकडे पाहताना आणखी एक गोष्ट मनात येते. चिंचवडला माझ्या घरी नळ सोडला की येते ती हीच पवना. याच पाण्याखाली कुणाची तरी गावं गेली, कुणाची तरी भातशेती गेली. रोज ओंजळीत घेतलेलं पाणी त्याच्या साऱ्या मोलासकट मला इथूनच दिसलं.

लहान डोंगराचं देणं मला यात सापडतं. फार उंचावरून जग परकं होतं. ढग, बर्फ आणि अंतर एवढंच उरतं. तिकोन्यावरून खाचरांचे बांध मोजता येतात. पेठेतल्या कौलांवरचा धूर दिसतो, खाली कुणी गुरांना हाळी घातली तर ती वाऱ्यावर वरपर्यंत येते. आपलं गाव, आपलं पाणी, आपला इतिहास एका नजरेत मावण्याइतके आपण दूर गेलेलो असतो, आणि त्यांची ओळख सुटणार नाही इतके जवळही असतो. जमिनीवर हे सगळं तुकड्यातुकड्यांनी वाट्याला येतं. वर आलं की एकाचा दुसऱ्याशी असलेला सांधा कळतो.

म्हणून मला वाटतं, गावाच्या शिवेवर जो काही डोंगर असेल, मग ती नुसती टेकडी का असेना, तिथं प्रत्येक मुलाला एकदा तरी न्यावं. शिखर जिंकायला नव्हे. आपलं घर कोणतं, आपलं पाणी कुठून येतं आणि त्याच्या वाटेवर आणखी कुणाकुणाची घरं आहेत, हे त्याला वरून बोट ठेवून दाखवायला.