पिढीजात

आमच्या घराण्यात अर्धशिशी पिढीजात आहे, हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते. वडिलांस ती यावयाची तेव्हा प्रथम त्यांच्या डोळ्यांपुढे उजेडाच्या नागमोडी रेषा नाचत. मग ते माजघरात अंधार करून पडत आणि आई आम्हा मुलांस दटावून गप्प बसवी. पन्नाशी उलटली आणि हे बोलके गृहस्थ अबोल झाले. तासन् तास झोपाळ्यावर बसत. काही विचारले तर उत्तर फार उशिरा येई. माणूस आळशी झाला, असा निकाल आम्ही सर्वांनी देऊन टाकला. आम्ही तर कॉलेजात शिकत असता एकदा तो त्यांच्या तोंडावर बोलूनही दाखविला. त्यावरही ते काही बोलले नाहीत.

आता आम्ही त्याच वयास पोचलो आहो. गेल्या वर्षी वर्गात एक साधा, रोजचा शब्द काही केल्या जिभेवर येईना. पुढे एका सकाळी उजव्या हातास सदऱ्याची गुंडी लावता येईना. मेंदूची चित्रे निघाली, रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि रोगाचे नाव कळले : 'कॅडासिल'.

हे नाव प्रचारात आले १९९३ साली. वडील १९९० मध्येच वारले होते. १९ व्या गुणसूत्रावरील 'नॉच ३' या जनुकात याचे मूळ आहे, हे फ्रेंच संशोधकांनी १९९६ साली दाखविले. या दोषामुळे मेंदूतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडतात आणि आतील पांढऱ्या भागास रक्त पुरेनासे होते. प्रथम अर्धशिशी, मग पक्षाघाताचे लहानमोठे झटके, विचारांची मंद गती आणि एक प्रकारची निरिच्छता, अशी याची लक्षणे. डॉक्टरांनी ती एकेक सांगितली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे तो झोपाळा उभा राहिला. ज्यास आम्ही स्वभाव म्हटले, ते बहुधा लक्षण होते.

रोग बरा करणारे औषध नाही. तंबाखूस शिवू नये, रक्तदाब ताब्यात ठेवावा, इतकेच हाती आहे. आम्ही ते पाळतो. आमचे ज्ञान गेलेले नाही. बोलावल्यावर ते यावयास वेळ लागतो, एवढेच.

खरी चिंता निराळीच आहे. हा दोष अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा. आमची मुलगी सव्वीस वर्षांची आहे. तपासणी करावी की नाही, हे तिचे तिनेच ठरवावयाचे. "बाबा, इतक्यात नको," असे ती म्हणाली. अज्ञानापेक्षा ज्ञान केव्हाही बरे, असे जन्मभर विद्यार्थ्यांस सांगत आलेले आम्ही तिच्यापुढे निरुत्तर झालो.

परवा तिने आम्हांस काही विचारले. उत्तर आत तयार होते, बाहेर येईना. हातातले काम खाली ठेवून ती शांतपणे थांबली. वडिलांसाठी आम्ही असे कधी थांबलो नव्हतो.