मधुमेह आहे, बटाटा खायचाय? करून पाहा जर्मन सॅलड

“डॉक्टर, बटाटा आता कायमचा बंद का?” मधुमेह असलेले रुग्ण मला हे नेहमी विचारतात. बंद नाही, पण किती आणि कसा खाता, हे महत्त्वाचं. आमच्या घरी बटाट्याचं सॅलड दक्षिण जर्मनीच्या पद्धतीने होतं. उत्तर जर्मनीत त्यात बहुधा मेयोनीज घालतात. यात ते नाही.

अर्धा किलो बटाटे सालासकट उकडा. गरम असतानाच सोलून पातळ काप करा. त्यावर बारीक चिरलेला कांदा, अर्धी वाटी गरम स्टॉक, दोन मोठे चमचे व्हिनेगर, चमचाभर मस्टर्ड, मीठ, मिरपूड घाला. काप गरम असले की रस आत मुरतो. शेवटी दोन मोठे चमचे तेल घालून अर्धा तास ठेवा.

शिजलेला बटाटा थंड झाला की त्यातला थोडा स्टार्च पचेनासा होतो. व्हिनेगरमुळेही साखर जरा सावकाश वाढते. पण म्हणून हे औषध नव्हे! छोटी वाटीभरच घ्या आणि त्या जेवणात एक पोळी कमी करा. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासा. तुम्हाला किती चालतं, ते तोच आकडा सांगेल. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र बटाट्यातल्या पोटॅशियममुळे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.