दोन फुटांचा प्रश्न

घराची लांबी-रुंदी मोजण्याचा प्रसंग आपणांवर वाटणीच्या वेळी नाही तर विक्रीच्या वेळी येतो. प्रवासास निघण्यापूर्वी घर फितीने मोजावे लागते, ही गोष्ट आम्हांस गतवर्षी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील आमच्या भाच्याच्या अंगणात समजली. अर्थात ते घर चाकांवरचे होते. निजण्याच्या जागा, स्वयंपाकाचा ओटा, स्नानगृह, सारे काही बसमध्ये मांडलेले. अशा गाडीस तिकडे मोटरहोम म्हणतात. भाच्याने ते एका स्नेह्याकडून पंधरवड्याकरिता मागून आणले होते. त्याची लांबी 45 फूट. चाळीस फुटांपेक्षा लांब मोटरहोम हाकण्यास त्या राज्यात साधा परवाना चालत नाही, वरच्या वर्गाचा काढावा लागतो. तो भाच्याने काढला होता; घरात दुसऱ्या कोणापाशी नव्हता.

आता एवढे घर घेऊन निघालेल्या मनुष्यास मागे आणखी मोटार कशाला हवी, असे वाचक विचारतील. आम्हीही विचारले. आमचा मुक्काम माँटाना राज्यातील ग्लेशियर उद्यानात होणार होता. तेथे डोंगर कोरून केलेला ‘गोइंग-टू-द-सन’ नावाचा रस्ता आहे, आणि त्याच्या मधल्या घाटात 21 फुटांहून लांब किंवा 8 फुटांहून रुंद वाहनास मज्जाव आहे. बंपर, आरसे, सारे त्या मापात धरतात. म्हणजे घर पायथ्याशी ठेवायचे आणि घाट मोटारीने चढायचा. उद्यानाच्या बसगाड्या आहेत. परंतु आमच्या ताईंचे गुडघे बसच्या पायऱ्यांस राजी नव्हते. आपल्याकडे बैलगाडीच्या मागे दुभती गाय बांधून नेत, तसा हा प्रकार. मात्र गाय आपल्या पायांनी वळते. लोखंडी दांडीने जोडलेली ही मोटार वळते, पण मागे सरत नाही. चुकीच्या गल्लीत शिरलात तर गाडी सोडवल्यावाचून सुटका नाही. तिच्या ब्रेकवर दाब देणारे वेगळे यंत्र बसवावे लागते, आणि प्रत्येक मोटार अशी चारही चाकांवर ओढता येते असेही नाही. कित्येकींची दातेचक्रे इंजिन बंद असता तेलावाचून जळून जातात.

भाच्याची मोटार ओढता येण्याजोगी होती व सात आसनांची होती. आम्ही उभयता, ताई, भाचा, सूनबाई आणि दोन मुले मिळून बरोबर सात. अडचण लांबीची. घर 45, दांडी 5, मोटार 17. एकूण 67 फूट. आणि कॅलिफोर्नियात अशा जोडगाडीची मर्यादा 65.

नेवाडात हीच मर्यादा 70 आहे आणि वॉशिंग्टन राज्यात 75. एकाच देशात असे का, याचे कारण शोधू जाता असे दिसले की, 1982 साली संघसरकारने मोठ्या मालमोटारींच्या लांबीविषयी कायदा करून राज्यांचे हात बांधले. खासगी प्रवासी घरे मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिली. मर्यादा निरर्थक आहे असे आम्ही म्हणणार नाही. लांब गाडी वळताना मागची चाके पुढच्यांच्या मागावरून न जाता आत कापतात, आणि दुपदरी रस्त्यावर तिला मागे टाकू पाहणाऱ्यास प्रत्येक फूट जास्तीचा काळ समोरच्या वाहनांच्या तोंडी राहावे लागते. परंतु सरहद्दीच्या अलीकडे अपराध आणि पलीकडे नाही, हे पचनी पडण्यास वेळ लागला.

रात्री जेवणानंतर खल झाला. भाचा म्हणाला, “दोन फुटांसाठी रस्त्यावर फीत घेऊन कोण उभे राहणार आहे, मामा?”

सूनबाई भांडी आवरीत होती. ती तेथूनच म्हणाली, “कोणी नाही. पण मागून कोणी आपटले ना, तर पहिली फीत त्यांचा वकील काढील.”

यावर उत्तर नव्हते. लहान मोटार भाड्याने घ्यावी तर तीत पाचच जण मावणार. उरलेल्या दोघांनी पायथ्याशी बसायचे. ती दोघे कोण, हे विचारण्याची आवश्यकताच नव्हती. आमच्या घरांत मागे राहणारी माणसे न सांगता ठरलेली असतात. तेव्हा तोड अशी निघाली की, रिनोपर्यंतचे सुमारे 130 मैल दोन्ही गाड्या सुट्या न्याव्या व नेवाडात गेल्यावर जोडाव्या. सुट्या असता दोन्ही निर्दोष. मोटार हाकणार सूनबाई, कारण भाचा घर हाकणार आणि आमचा परवाना पुण्याचा, डाव्या बाजूने चालणारा.

येथे आम्हांस एक गोष्ट खटकली. सर्वांनी एकत्र राहावे म्हणून एवढा खटाटोप, आणि जिने हिशेब बरोबर केला तीच सात हजार फुटांवरची खिंड एकटीने ओलांडणार. पुढे आम्ही चहा घेत, पत्ते खेळत जाणार. सूनबाईने तक्रार केली नाही. ती तशी करीत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

सकाळी ताई काठी टेकीत आल्या आणि घराच्या पायऱ्यांकडे न जाता मोटारीत पुढच्या आसनावर बसल्या. भाचा म्हणाला, “आई, तुझ्याकरिता आत गादी घातली आहे.” त्या म्हणाल्या, “असू दे. तुझ्या मामांना लोळू दे तिच्यावर.”

रिनोला गाड्या जोडताना सूनबाईने फीत काढून पुन्हा लांबी मोजली. 67 फुटांस एक इंच कमी भरली. ग्लेशियरचा घाट आम्ही सातही जण एका गाडीतून चढलो. परतीच्या वाटेवर रिनोला दांडी सुटली तेव्हा पुढच्या आसनावरून ताई आणि आमची सौभाग्यवती यांच्यात वाद झाला. ताई वडील, म्हणून त्यांचा शब्द राहिला. सौभाग्यवती मागच्या आसनावर बसली. घरात आम्ही चौघे पुरुष व मुले उरलो, आणि चहा कोणी करायचा हा प्रश्न खिंड संपेपर्यंत सुटला नाही.