दुनळीची किंमत

अब्बा गेल्यावर कलमांचे, घराचे वाटे झाले. अडली ती बंदूक. बारा बोरची दुनळी, बर्मिंगहॅमची, वेब्ली अँड स्कॉट. परवानेदार वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही, म्हणून ती शहरातल्या दुकानदाराकडे जमा होती. भाईजानकडे परवाना, वानर-डुकरांनी बाग उठवलेली, त्यांना ती हवीच होती. आम्हा कुणाची हरकत नव्हती. पण तरक्यात दोन भावांचे दोन-दोन हिस्से आणि बहिणीचा एक. अम्मी आधीच गेलेली. म्हणजे किमतीचा पाचवा हिस्सा आपाचा, आणि आपा तोंडाने काही मागणारी नव्हे.

दुकानदार म्हणाला, "पंधरा हजार." गावचे म्हणाले, "विलायती आहे, लाख कुठे गेले नाहीत!" दोन्ही आकडे हवेतले.

आम्ही दुकानात जाऊन बसलो. नळ्या सुट्या करून, लोंबत्या धरून टिचकी मारली. नाद स्वच्छ आला. म्हणजे दोन नळ्यांमधला डाक सुटलेला नाही. उजेडाकडे धरून पाहिले, तर डाव्या नळीत गंजाचे खड्डे. कोकणातला पावसाळा आणि आमचा आळस! बंदूक मिटल्यावर सांधा हलत नव्हता, हे मोठे. नळ्यांखाली मुकुट आणि 'एनपी' ही अक्षरे होती, म्हणजे धूरविरहित दारूवर तपासलेली. काडतुसाचे घर मात्र अडीच इंची. हल्लीचे लांब काडतूस त्यात बसते, पण उडताना उघडायला जागा नसते, दाब वाढतो. ही गोष्ट भाईजानना आम्ही दोनदा सांगितली.

नावाला भुलण्यात अर्थ नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शौकाची शिकार संपली. २०१९च्या दुरुस्तीने परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे उरली. दुकानात दुनळ्या ओळीने उभ्या होत्या. गिऱ्हाईक परवानेदारच हवे, ते किती?

"हीच उद्या आम्ही घ्यायला आलो तर?" असे विचारल्यावर दुकानदार हसला. "पंचेचाळीस."

"घरातच राहणार, मग बाजारभाव कशाला?" भाईजान म्हणाले. आम्ही म्हटले, घरात राहते तुमच्या. आपाच्या घरात नाही. ते दोन दिवस बोलले नाहीत. मग पंधरा आणि पंचेचाळीसच्या मधले तीस धरले. डाव्या नळीसाठी आणखी कमी करा, असे त्यांचे म्हणणे होते. ते आम्ही ऐकले नाही. दुकानदाराने पंधरा सांगितले ते खड्डे पाहूनच.

आपाच्या हातात सहा हजार दिले. "राहू दे रे," म्हणाली, आणि मग बसून नोटा मोजल्या. दोनदा.