परीक्षेची यादी, कामाच्या क्रमानं

रेड हॅटची आरएचसीएसए ही लिनक्स सिस्टिम प्रशासनाची परीक्षा मी नोकरी सांभाळून दिली. या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. समोर मशीन असतं, करायची कामं दिलेली असतात आणि हाती तीन तास. इंटरनेट नाही, टिपणं नाहीत. आधार फक्त मॅन पेजेससारख्या मशीनवरच्याच मदत-पानांचा. ३०० पैकी २१० गुण मिळाले की उत्तीर्ण.

काय काय यायला हवं याची यादी रेड हॅट खुली ठेवते. मूलभूत कमांड, शेल स्क्रिप्ट, चालू सिस्टिम हाताळणं, स्टोरेज, नेटवर्क, युजर, सुरक्षा. यादी चांगली आहे, पण मी तिच्या क्रमानं अभ्यास केला नाही. साधं उदाहरण घ्या. वेब सर्व्हर नेहमीच्या ८० पोर्टऐवजी दुसऱ्याच पोर्टवर चालवायचा आहे. सर्व्हिस सुरू करणं एका शीर्षकाखाली येतं, फायरवॉल दुसऱ्या, आणि एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेला तो पोर्ट मान्य करायला लावणं तिसऱ्या. यातलं एक जरी राहिलं, तरी बाहेरून पान उघडत नाही.

म्हणून मी यादी फोडली आणि एकावर एक अवलंबून असलेली कामं एकत्र आणली. सर्वात आधी बूट थांबवून रूटचा पासवर्ड बदलणं, कारण लॉगिनच झालं नाही तर पुढचं सगळं अडतं. मग नेटवर्क, मग पॅकेजची रिपॉझिटरी. प्रत्येक मुद्द्यापुढे चार रकाने आखले: कमांड कोणती, बदल कोणत्या फाइलीत जातो, रीबूटनंतर टिकतो का, आणि झालं हे तपासायचं कसं.

तिसऱ्या रकान्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. केलेली मांडणी रीबूटनंतर कुणी हात न लावता टिकली पाहिजे, अशी परीक्षेची अटच आहे. सर्व्हिस 'स्टार्ट' केली की आता चालते, 'इनेबल' केली की पुढच्या बूटलाही उठते. फायरवॉलचा नियम 'पर्मनंट' लागतो, एसईलिनक्सच्या बुलियनला 'पी' हा पर्याय. 'सीएचकॉन'नं फाइलीला दिलेलं एसईलिनक्सचं लेबल तर फसवं: रीबूटनंतर ते टिकतं, पण रीलेबल झालं की पुसलं जातं. नियम कायमचा हवा असेल तर 'सेमॅनेज'नं लिहायचा आणि मग 'रिस्टोअरकॉन' चालवायचं.

स्टोरेजला मी सर्वाधिक पानं दिली. पार्टिशन, फिजिकल व्हॉल्यूम, व्हॉल्यूम ग्रुप, लॉजिकल व्हॉल्यूम, फाइल सिस्टिम, माउंट: साखळी लांब आहे आणि शेवट 'एफएसटॅब'मध्ये होतो. तिथली एक चुकीची ओळ मशीनला इमर्जन्सी मोडमध्ये नेते. त्यामुळे चौथ्या रकान्यात ठळक लिहिलं होतं: रीबूटआधी 'माउंट'ला 'ए' देऊन पाहा, 'फाइंडएमएनटी'नं पडताळा.

मॅन पेजेसमध्ये नमुने कुठे आहेत हेही नोंदवून ठेवा. नेटवर्कच्या 'एनएमसीएलआय' कमांडच्या उदाहरणांचं तर स्वतंत्र पान आहे. असं पान माहीत असलं की पाठांतराचं ओझं खूप उतरतं.

माझ्या मते दुसऱ्याची तयार वही घेण्यात अर्थ नाही. रेड हॅट लिनक्सच्या आवृत्तीबरोबर यादी बदलते. सातव्या आवृत्तीच्या यादीत कंटेनर नव्हते, आठव्यात आले. तुम्ही देणार त्या आवृत्तीची अधिकृत यादी स्वतःच्या हातानं उतरवा, स्वतःच्या क्रमानं लावा, आणि सरावाचं मशीन रोज रीबूट करून तपासा.