बंदुकांची रांग

ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स संग्रहालय आज मानववंशशास्त्राचं म्हणून ओळखलं जातं. मुखवटे, होड्या, टोपल्या, दागिने यांनी खचाखच भरलेली ती कपाटं पाहताना कुणाच्या ध्यानात येणार नाही, की या सगळ्याचं मूळ एका फौजी अधिकाऱ्याच्या बंदुकांमध्ये आहे. ऑगस्टस लेन फॉक्स हा ग्रेनेडियर गार्ड्समधला अधिकारी. (पिट रिव्हर्स हे आडनाव त्याला १८८० साली वारशाच्या इस्टेटीबरोबर मिळालं.) १८५०च्या आसपास ब्रिटिश लष्कर गुळगुळीत नळीची मस्केट सोडून पेचदार नळीच्या रायफलीकडे वळत होतं. त्या चाचण्यांचं आणि पुढे हाइथच्या नव्या नेमबाजी शाळेत शिकवण्याचं काम त्याच्याकडे आलं. शेकडो नमुने हाताखालून जाताना त्याच्या लक्षात आलं, की क्रांतिकारक म्हणून मिरवणारं हत्यारसुद्धा आदल्या हत्यारापेक्षा जेमतेम एका खाचेने, एका स्प्रिंगने, दस्त्याच्या किंचित बाकाने वेगळं असतं. मग त्याने हे बारीक फरक दाखवणाऱ्या बंदुका गोळा करायला सुरुवात केली. बंदुकांवरून तो भाले, गदा, ढालींकडे गेला आणि तिथून माणसाने हाताने घडवलेल्या प्रत्येक वस्तूकडे. १८८४च्या सुमारास त्याने वीस हजारांहून अधिक वस्तू ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिल्या, त्या मांडणीच्या अटीवर: एका जातीच्या वस्तू एकत्र आणि क्रमाने राहिल्या पाहिजेत.

ही अट मला त्या सगळ्या वस्तूंपेक्षा मोलाची वाटते. माजी सैनिकाने जमवलेला शस्त्रसंग्रह, मग तो परदेशातल्या एखाद्या घरातला असो की आपल्याकडच्या पलटणीच्या संग्रहालयातला, त्याची खरी कारागिरी रांग लावण्यात असते. पैसे असले की सोन्याच्या कोफ्तगिरीची बंदूक कुणीही विकत घेईल. भिंतीवर ती शोभते, आणि तिचं काम तिथेच संपतं. रांगेला मात्र साध्या, कळकट, मधल्या अवस्थेतल्या बंदुका लागतात, ज्यांच्याकडे लिलावात कुणी ढुंकून पाहत नाही. आमच्याकडे पलटणीच्या शस्त्रागाराला कोत म्हणतात. कोतात काम केलेल्या माणसाला या गोष्टीचं शिक्षण आपोआप मिळतं, कारण तिथे एकाच नमुन्याच्या हत्यारांची ओळच्या ओळ रॅकवर उभी असते आणि त्यातलं कुठलं वेगळं हे नजरेलाच कळू लागतं. इथपर्यंत मी लेन फॉक्सचा शिष्य. पुढे मात्र त्याची आणि माझी वाट वेगळी होते. त्याची समजूत अशी, की रांग एकाच दिशेने जाते: साध्याकडून गुंतागुंतीकडे, कच्च्याकडून पक्क्याकडे. लष्करी बंदुकांची प्रामाणिक रांग लावली तर ती मध्येच उलटी फिरते, आणि संग्राहकाने नेमक्या या उलट्या फिरलेल्या बंदुका आधी मिळवल्या पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा म्हणून दोन बंदुका शेजारी ठेवू. पहिली १८५३च्या नमुन्याची एनफील्ड रायफल. नळी ३९ इंच, व्यास .५७७ इंच, आत तीन खाचा आणि ७८ इंचांत एक फेर इतका सावकाश पेच. नळीवर वरखाली सरकणारी शिडीची माशी, म्हणजे शिपायाने अंतर ओळखून नेम धरावा ही अपेक्षा. दुसरी बंदूक १८५८च्या नमुन्याची. दुरून दोघी जुळ्या दिसतात. तीच लांबी, तोच घोडा, नळीभोवती तेच तीन पट्टे. आता तोंडाकडून नळीत पाहा. खाचा गायब आहेत. आतला भाग कोरून व्यास .६५ इंचांच्या घरात नेलेला आहे, त्यामुळे तोंडाशी धातूची भिंत इतकी पातळ झाली आहे की बोट फिरवताना कड जाणवते. शिडीच्या जागी एक ठोकळा आणि त्यात एक खाच. ही बंदूक हिंदी पलटणींसाठी होती. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती अचूक रायफल द्यायची नाही असं ठरलं, आणि तयार रायफलीचे पेच खरवडून काढून तिची पुन्हा मस्केट करण्यात आली. त्या पातळ नळ्या वाकू-दबू लागल्या, म्हणून पुढच्याच वर्षी जाड नळीचा नमुना काढावा लागला. म्हणजे एक चांगलं हत्यार बिघडवण्यासाठीही कारखान्याला डोकं लढवावं लागलं! नुसत्या उत्क्रांतीच्या क्रमात ही बंदूक कुठे बसवणार? १८४०च्या मस्केटशेजारी ठेवली तर साल खोटं ठरतं, आणि १८५३च्या पुढे ठेवली तर प्रगती खोटी ठरते. माझ्या मते सालच पाळावं आणि प्रगतीला खोटं पडू द्यावं.

हा काही एकदाच घडलेला प्रकार नव्हे. १८६६ साली मागून काडतूस भरायची स्नायडर आली आणि १८७१ साली मार्टिनी-हेन्री. भारतातल्या गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी आल्यावरही हिंदी पलटणींकडे बराच काळ स्नायडरच राहिली. गोऱ्यांकडे मॅगझिनची ली-मेटफर्ड आली तेव्हा हिंदी शिपायाला मार्टिनी मिळाली. एक पिढी मागे, हे धोरणच होतं. १९१४ साली लाहोर आणि मीरत डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेयच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या आणि ते जवान जवळजवळ अनोळखी हत्यार घेऊन आघाडीवर गेले. ज्यांनी बंदूक हाताळली आहे त्यांना यातलं गांभीर्य सांगायला नको. चाप किती दाबल्यावर सुटतो, बोल्ट कुठे अडतो, हे हाताला पाठ व्हायला वेळ लागतो.

कुणी म्हणेल, वसाहतीचं राज्य होतं, तिथे असंच चालणार. यातून हत्यारांविषयी काय कळतं? म्हणून इंग्रजी अंमलाआधीचं आणि नंतरचंही पाहू. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली चकमकीच्या बंदुका बनत होत्या. त्याच फौजेतल्या नजीब पलटणींच्या हाती तोड्याच्या बंदुका होत्या आणि ही कवायती फौज उभारणाऱ्या द बॉइनने त्यांनाही संगिनी बसवल्या होत्या. तोडा ‘मागासलेला’ असं आपण सहज म्हणून जातो. पण तोड्याची लांब, निमुळती नळी गावातला लोहार दुरुस्त करू शकत होता, तिला चांगल्या गारेची गरज नव्हती, कळीचे सुटे भागही मोजकेच. धुमसती दोरी पावसात आणि रात्री घात करी, हे खरंच. पण दोन्ही बंदुका एकाच काळात, एकाच धन्याच्या फौजेत नांदत होत्या, कारण प्रत्येकीचं काम, किंमत आणि दुरुस्तीची सोय वेगळी होती. आणि इतकं मागे जायचीही गरज नाही. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक अजून अनेक घरांत आहे. तोंडाकडून दारू भरायची, गजाने ठासायची, टोपीवर घोडा आपटायचा. हे तंत्र १८६६पासून ब्रिटिश लष्करातून हद्दपार होऊ लागलं, तरी निवडणूक लागली की ती बंदूक आजही पोलीस ठाण्यात जमा होते.

स्वातंत्र्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दुवा म्हणजे .४१० ची मस्केट. माझ्या यादीत ही अगदी वरच्या क्रमांकावर आहे, आणि दिसायला म्हणाल तर अगदीच सुमार. इशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्ड रायफली घेऊन त्यांचे पेच काढले, मॅगझिनची जागा बुजवली आणि पोलीस-पहारेकऱ्यांसाठी एका वेळी एकच काडतूस घेणारी गुळगुळीत नळीची बंदूक केली. काडतूसही ली-एनफील्डच्याच, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या, कवचाचं, फक्त मान न आवळलेलं. सत्तर-ऐंशी वर्षांनी १८५८चाच विचार पुन्हा अवतरला: ज्याच्यावर पुरता भरवसा नाही, त्याला लांब पल्ला द्यायचा नाही. राज्य बदललं तरी ही मस्केट पोलिसांच्या कोतातून लगेच हटली नाही. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या स्वयंचलित रायफलींसमोर आपल्या पोलिसांकडे जे होतं त्यात थ्री-नॉट-थ्री होती. त्या रात्रीची चर्चा शौर्याची झाली, बातमीतल्या हत्यारांची झाली. पण ती रायफल तिथे कोणत्या निर्णयांच्या साखळीतून पोहोचली, हे रांग लावल्याशिवाय दिसत नाही.

लष्कराचंही तेच. १९६२ साली आपला जवान हिमालयात बोल्ट ओढून एकेक गोळी झाडणारी रायफल घेऊन उभा होता. त्यानंतर इशापूरने एसएलआर तर बनवलीच, शिवाय जुन्या ली-एनफील्डच्याच आराखड्यावर ७.६२ मिलिमीटरची टू-ए रायफलही काढली. तिच्या माशीवर २००० मीटरपर्यंतचे आकडे होते. पाठोपाठ आलेल्या टू-ए-वनवर ते ८०० वर आणले. त्या आकड्याइतकं बोलकं काही मला बंदुकीवर सापडलेलं नाही. रायफल तीच, गोळी तीच, बदलली ती कल्पना: एकटा शिपाई प्रत्यक्षात किती लांबवर नेम धरतो याची. पुढे १९९०च्या दशकात ५.५६ ची इन्सास आली, कारगिलमध्ये तिच्या तक्रारी झाल्या, आणि २०१९ साली लष्कराने पुन्हा ७.६२ च्या सिग-७१६ साठी ७२,४०० चा करार केला. लहान गोळीकडून मोठ्या गोळीकडे परत. लेन फॉक्सच्या कपाटात याला जागा नाही.

त्याच्या पद्धतीवरचा मोठा आक्षेप असा, की त्याने जिवंत माणसांनाही क्रमात बसवलं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या काठ्यांना त्याने मानवजातीच्या बालपणाचा पुरावा मानलं. आक्षेप बरोबरच आहे. पण म्हणून रांगच मोडावी, देशवार किंवा सौंदर्यवार मांडणी करावी, हे मला पटत नाही. रांग मोडली की १८५८ची बंदूक ‘एनफील्ड, इंग्लंड’ एवढ्या पाटीखाली गडप होते. दोष क्रमाचा नाही, क्रमाला सद्गुण मानण्याचा आहे. सालं लावा, निर्णय कुणी आणि कुणासाठी घेतला ते लिहा; श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायची घाई करू नका. बंदुका जमवणं म्हणजे हिंसेची आरती, असंही म्हटलं जातं. एकट्या, चकाकत्या, काचेतल्या बंदुकीपुरतं ते पुष्कळदा खरंही असतं. पण खरवडलेली नळी आणि बुजवलेलं मॅगझिन पाहून कुणाला आरती सुचेल असं वाटत नाही.

आता हाताच्या कामाविषयी थोडं, कारण रांग टिकते ती त्यावर. जुनी बंदूक हाती आली की लोक पहिल्यांदा ब्रासो आणि काचकागद काढतात. याहून मोठं नुकसान गंजही करत नाही. इशापूरच्या रायफलीवर बोल्टच्या उजव्या बाजूला, दस्त्याच्या गळ्याशी, मुकुट, जी-आर-आय ही अक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल असतं. स्वातंत्र्यानंतरच्या शिक्क्यांत मुकुटाच्या जागी सिंह येतात. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू असतो, तो इशापूरची जोड. काचकागदाने हे ठसे पुसट झाले की बंदूक राहते, पण रांगेतली तिची जागा जाते. थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बारानंतर त्याचा क्षार नळीत राहतो, हवेतलं पाणी ओढतो आणि तेलात विरघळत नाही. म्हणून जुन्या उस्तादांची शिस्त अशी, की आधी नळीतून उकळतं पाणी, मग पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, कोरडी चिंदी, आणि शेवटी तेलाची चिंदी. लाकडाला जवसाचं तेल, तेही बेताने. चामड्याच्या म्यानात बंदूक कधीही ठेवू नये. चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि कोकणच्या एका पावसाळ्यात पोलाद चावून टाकतं.

राहिला कायद्याचा प्रश्न, आणि तो खराच प्रश्न आहे. अमेरिकेतला माजी सैनिक घरात शंभर बंदुका ठेवू शकतो. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर सामान्यतः दोनच. आधी तीन चालत. थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ या तर निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, म्हणजे जवानाने आयुष्यभर वागवलेली रायफल तो निवृत्तीनंतर घरी ठेवू शकत नाही; .४१० ची ती सुमार मस्केटसुद्धा नाही. मला हा नियम जाचक वाटत नाही. खासगी संग्रह बहुधा मालकाच्या मरणानंतर तुकड्यातुकड्याने विकला जातो आणि नोंदी कचऱ्यात जातात. लेन फॉक्सने जिवंतपणीच, अट घालून, सगळं देऊन टाकलं, हा त्याच्याकडून घेण्यासारखा दुसरा धडा. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशा कालबाह्य किंवा प्राचीन हत्याराला सूट आहे, पण ते तसंच आहे हे आपणच ठरवू नये.

तेव्हा माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली तर एवढं करा: आधी ती भरलेली आहे असंच समजा, तोंड कुणाकडेही रोखू नका, चापाला हात लावू नका. घासूपुसू नका. ठशांचे, माशीचे, दस्त्यावरच्या आकड्यांचे फोटो काढा. ती कुणाची, कुठल्या पलटणीतली किंवा कुठल्या गावची, घरात कशी आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून काढा. मग परवान्याचे असतील-नसतील ते कागद घेऊन पोलीस ठाण्याला रीतसर कळवा, आणि ती ठेवता येत नसेल तर लागलीच जवळच्या सरकारी किंवा पलटणीच्या संग्रहालयाला त्या टिपणासह लेखी विचारा. बंदूक तुमच्या हातून गेली तरी टिपण जाऊ देऊ नका.